झोब्रिस्ट, बेन

(२६ मे १९८१ – ). अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलपटू आणि ‘युटिलिटी खेळाडू’ या भूमिकेला प्रतिष्ठा मिळवून देणारे खेळाडू. जन्म इलिनॉय राज्यातील युरिका या छोट्या गावी.

युटिलिटी खेळाडू म्हणजे क्रिकेटमधला अष्टपैलू नव्हे. अष्टपैलू फलंदाजी आणि गोलंदाजी अशी दोन कामे करतो. युटिलिटी खेळाडूचे काम क्षेत्ररक्षणाचे, पण ते त्याला अनेक जागांवरून करावे लागते. क्रिकेटमध्ये स्लिपमधला खेळाडू पुढच्या षटकात पॉइंटला उभा राहिला तर कोणाला काही वाटत नाही. बेसबॉलमध्ये मात्र शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसमधली जागा), सेकंड बेस, राइट फील्ड अशी एकेक जागा म्हणजे स्वतंत्र पेशाच असतो. हातमोजेसुद्धा वेगळे. सेकंड बेसवाल्याचा हातमोजा छोटा आणि उथळ असतो, कारण चेंडू त्यातून क्षणात काढून फेकायचा असतो. आउटफिल्डवाल्याचा, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागात उभा राहणाऱ्याचा, लांब आणि खोल असतो, तर फर्स्ट बेसचा बोटे नसलेला, जाडजूड. युटिलिटी खेळाडूच्या पिशवीत हे सगळे लागतात. इतके करूनही पूर्वी हा शब्द कौतुकाचा नव्हता. कोणी जखमी झाले तर उभा करायला बाकावर बसवलेला माणूस, असाच त्याचा अर्थ होता.

झोब्रिस्ट यांची सुरुवातही बाकावरचीच म्हणावी अशी. शाळा संपली तेव्हा एकाही महाविद्यालयाने त्यांना खेळायला बोलावले नव्हते. वाढदिवसाला मिळालेल्या पैशांतून ५० डॉलर भरून ते एका निवड शिबिराला गेले आणि तिथे ऑलिव्हेट नाझरीन विद्यापीठाच्या प्रशिक्षकांच्या नजरेत भरले. पुढे डॅलस बॅप्टिस्ट विद्यापीठाकडून खेळल्यावर २००४ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत) ह्यूस्टन अॅस्ट्रोजने सहाव्या फेरीत त्यांची निवड केली. २००६ मध्ये त्यांना टँपा बे संघाकडे देण्यात आले आणि त्याच वर्षी ते मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, उतरले. २००७ मध्ये त्यांची फलंदाजीची सरासरी होती अवघी ०.१५५, म्हणजे दर हजार प्रयत्नांत केवळ १५५ यशस्वी फटके. एवढ्यावर बहुतेकांची कारकीर्द आटोपते.

टँपाचे व्यवस्थापक (सामन्यांत संघ चालवणारे मुख्य प्रशिक्षक) जो मॅडन यांनी त्यांना एका जागेत अडकवले नाही. संघाकडे पैसा कमी होता. तीन जागांसाठी तीन राखीव खेळाडू ठेवण्यापेक्षा तिन्ही जागा सांभाळणारा एकच परवडत होता. २००९ च्या हंगामात झोब्रिस्ट पिचर (चेंडू टाकणारा) आणि कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) सोडून उरलेल्या सातही जागांवर खेळले. त्यांनी २७ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले, सरासरी ०.२९७ राखली आणि त्यांना हंगामातील निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात स्थान मिळाले. जागा रोज बदलत होती, संघातले नाव मात्र पक्के होते. झोब्रिस्ट यांचे खरे वेगळेपण इथेच आहे. त्यातच ते उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही हातांनी फलंदाजी करत, त्यामुळे समोर डावखुरा पिचर आला म्हणून त्यांना बसवण्याचीही गरज पडत नसे.

२०१५ च्या जुलैमध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सने त्यांना घेतले, तेव्हा लेफ्ट फील्डचा खेळाडू अॅलेक्स गॉर्डन जखमी होता. गॉर्डन परतल्यावर झोब्रिस्ट सेकंड बेसवर गेले, आणि रॉयल्सने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली. त्यानंतर शिकागो कब्जने चार वर्षांसाठी ५.६ कोटी डॉलरचा करार केला. बाकावरच्या माणसाला कोणी एवढे पैसे देत नाही. तिथे व्यवस्थापक पुन्हा मॅडनच होते.

२ नोव्हेंबर २०१६ रोजी क्लीव्हलँडमध्ये वर्ल्ड सिरीजचा सातवा आणि निर्णायक सामना नऊ डावांनंतर ६–६ असा बरोबरीत होता. पावसामुळे सतरा मिनिटे खेळ थांबला. दहाव्या डावात झोब्रिस्ट डाव्या हाताने फलंदाजीला उभे राहिले. ब्रायन शॉ यांचा वेगवान चेंडू त्यांनी थर्ड बेसच्या रेषेला लगटून लेफ्ट फील्डमध्ये धाडला. फटका जोरकस नव्हता, जागा अचूक होती. सेकंड बेसवरून अल्बर्ट अल्मोरा धावत होम प्लेटवर येऊन धाव पूर्ण करून गेले, कब्ज पुढे गेले आणि अखेर ८–७ ने जिंकले. १९०८ नंतरचे त्यांचे हे पहिलेच विजेतेपद. झोब्रिस्ट मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरले. हा मान मिळवणारे ते कब्जचे पहिलेच खेळाडू.

२०१८ मध्ये, सदतिसाव्या वर्षीही त्यांची सरासरी ०.३०५ होती. २०१९ च्या हंगामाचा मोठा भाग कौटुंबिक कारणांमुळे ते संघाबाहेर राहिले आणि त्यानंतर खेळले नाहीत. कारकिर्दीत एकूण १६७ होमरन.

उत्कृष्ट क्षेत्ररक्षणासाठीच्या गोल्ड ग्लोव्ह पुरस्कारात प्रत्येक जागेसाठी वेगळा मानकरी असतो. जागा बदलत राहणाऱ्यांची त्यात पंचाईतच व्हायची. युटिलिटी खेळाडूंसाठी वेगळा पुरस्कार २०२२ मध्ये सुरू झाला. झोब्रिस्ट तोवर निवृत्त झाले होते, आणि त्यांच्या नावावर एकही गोल्ड ग्लोव्ह नाही.