घर पेटतं ते वळचणीतून

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेला निघालं, की करवंदीच्या जाळ्यांपेक्षा फार्महाऊसच्या पाट्याच जास्त नजरेत भरतात. प्रत्येकाला घर हवं ते डोंगराच्या ऐन धारेवर, कारण खाली दरी दिसते आणि पाहुण्यांना फोटो काढता येतात. वणव्याच्या दृष्टीने मात्र याहून वाईट जागा नाही.

आग उतारावर वर चढते तेव्हा तिच्या ज्वाळा पुढच्या गवताकडे झुकलेल्या असतात. ते गवत पेटण्याआधीच तापतं, सुकतं आणि आग पोचताच भुर्रकन जातं. उतार १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ऑस्ट्रेलियातल्या वणवा-अभ्यासकांचा ठोकताळा आहे. म्हणजे २० अंशांच्या चढावर चौपट. त्यात दुपारी तापलेल्या डोंगरावरून वारा वरच वाहतो. धारेखाली एखादी घळ असेल तर ती धुराड्यासारखी काम करते आणि धुराड्याच्या तोंडाशी आपला सोपा! हेच घर धारेपासून वीस-पंचवीस मीटर मागे, सपाटीवर घेतलं तर पलंगावर पडून दरी दिसणार नाही, एवढंच.

आपल्याकडचं जळण मुख्यतः गवत. पावसाळ्यात कमरेएवढं वाढतं आणि फेब्रुवारीपर्यंत पिवळं पडून उभ्या उभ्या वाळतं. गवताची काडी इतकी बारीक, की हवेतला ओलावा कमी झाला की तासाभरात तीही कोरडी होते. सकाळी दवाने ओलं असलेलं रान दुपारी एक वाजता काडेपेटीची वाट पाहत असतं. (काडी ओढणारेही भेटतातच. जाळलं की पुढच्या साली गवत जोमाने येतं, ही समजूत अजून गेलेली नाही.) पण हाच बारीकपणा घराच्या पथ्यावरही पडतो, कारण गवताची ज्वाळा एका जागी काही सेकंदच टिकते. तेवढ्यात काळ्या दगडाची किंवा जांभ्याची भिंत आतून कोमटही होत नाही.

जॅक कोहेन या अमेरिकी वनखात्यातल्या संशोधकाने १९९०च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातल्या जंगलात मुद्दाम लावलेल्या आगींसमोर लाकडी भिंती उभ्या करून पाहिल्या. आग साधीसुधी नव्हती, शेंड्यापर्यंत पेटलेली झाडं होती. १० मीटरवरच्या भिंती काही वेळा पेटल्या. २० मीटरवरची एकही पेटली नाही. मग वणव्यात घरं जळतात ती कशी? बहुतेक वेळा वाऱ्यावर उडून आलेल्या ठिणग्यांनी, नाहीतर घराला टेकलेल्या जळणातून सरपटत आलेल्या छोट्या आगीने.

आता गावाकडच्या कुठल्याही घराची वळचण आठवा. पाऊस लागत नाही म्हणून तिथे सरपण रचलेलं, शेजारी शेणी, वर वाशाला खोचलेली जुनी केरसुणी, कौलांखाली चिमण्यांचं काडीकचऱ्याचं घरटं. ठिणगीला याहून सोयीचं घर मिळणार नाही. शिवाय पुढे आलेल्या छपराखाली गरम वायू अडकून राहतात आणि वाशे तापवतात. म्हणून आगीचा विचार करणारे म्हणतात, छपराला पुढे काढूच नका. त्यांनी जावळीतला जुलै पाहिला नसावा! आपल्याकडे पागोळ्या भिंतीपासून लांबच पडल्या पाहिजेत, नाहीतर चार पावसाळ्यांत भिंतीला ओल धरते. तोडगा असा, की वळचण ठेवायची, पण खालून सिमेंट-शीटने बंद करायची. हवेसाठी भोकं लागतातच, तिथे पोलादी जाळी लावायची, छिद्रं २ मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत. ऑस्ट्रेलियाच्या बांधकाम-मानकात हेच माप आहे. नायलॉनची मच्छरजाळी ठिणगीने वितळते. आणि सरपण घरापासून दूर, वेगळ्या पत्र्याखाली.

माण, खटाव किंवा सांगलीकडच्या जत, आटपाडीतली जुनी माळवदं पाहिली की वाटतं, निम्मं उत्तर तिथेच होतं. तुळया, त्यावर किलचण, म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. वरून ठिणगी पडली तर मातीवर विझणार. बाहेरच्या भिंतींत खिडक्या लहान आणि मोजक्या. घाटमाथ्याच्या पावसात मातीचं छत टिकणार नाही, तिथे उताराची काँक्रीटची स्लॅब घालावी. काचेचा मोह टाळता येत नसेल तर निदान कडक केलेली, म्हणजे टफन्ड काच घ्यावी. साध्या काचेचा मधला भाग आगीसमोर तापतो, चौकटीत दडलेल्या कडा मात्र गार राहतात. या ताणाने ती तडकते आणि ठिणग्यांना आत वाट मिळते.

घराभोवतीचा पहिला दीड मीटर सगळ्यात मोलाचा. तिथे फरशी, खडी किंवा चोपून घट्ट केलेलं अंगण असावं; झुडूप नको, पायपुसणंही नको. तिथून दहाएक मीटरपर्यंत गवत आखूड, झाडं सुटी, खालच्या फांद्या छाटलेल्या. हल्ली हौसेने अंगणातच गवताने शाकारलेला गझिबो उभारतात. तो म्हणजे घराला खेटून ठेवलेली कडब्याची गंजच.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. १०० चौरस मीटर छपरावर १,००० मिलिमीटर पाऊस पडला तर १ लाख लिटर पाणी होतं. त्यातलं थोडं उन्हाळ्यासाठी राखलं तरी पुष्कळ. पण वणव्यात वीज जाते आणि पंप बंद पडतो, म्हणून टाकी चढावर आणि पाइप जमिनीखाली हवा. उघडा प्लॅस्टिकचा पाइप आधी वाकतो, मग फाटतो.

हद्दीवर जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, मात्र वेळेत काढावी. वनखातं आपल्या रानात उन्हाळ्याआधीच हे काम उरकतं, घरमालकाने त्याहूनही आधी लागावं. कुसळ धरण्यापूर्वी कापलेलं गवत वैरण म्हणून शेजारचा गडी स्वतः कापून, भारे बांधून नेतो. कुसळ आल्यावर जनावरं त्याला तोंड लावत नाहीत, आणि मग तेच गवत कापायला मजुरी मोजावी लागते.