नादारीच्या अर्जापासून विधी सेवेच्या हक्कापर्यंत

दिवाणी कोर्टात गरिबाला पहिली सवलत मिळाली ती ‘नादार’ म्हणून, म्हणजे कोर्ट फी भरायची ऐपत नसलेला म्हणून. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत त्यासाठी ‘आदेश ३३’ हा भाग होता, आणि तो वाचताना आजही जीव कळवळतो. नवऱ्यामागे जमिनीत वाटा मागणाऱ्या बाईला कोर्ट फी माफ हवी असेल, तर तिने अर्जाला आपल्या चीजवस्तूंची यादी जोडायची. भांडीकुंडी, शेळी, जे असेल ते, अंदाजे किमतीसह. न्यायाधीश तिची तपासणी करू शकत. समोरच्या पक्षालाही नोटीस जाई, म्हणजे ज्या दिराविरुद्ध दावा, तोच ‘ही नादार नाही’ म्हणून उभा राहू शके. फी ठरलेली नसेल तिथे कसोटी अशी होती: अंगावरचे गरजेचे कपडे आणि दाव्याची मालमत्ता सोडून शंभर रुपयांचीही मत्ता नसावी.

एवढं करून सुटायची ती फक्त फी. वकील ज्याचा त्याने बघायचा. आणि दावा जिंकला, तर सुटलेली फी सरकार त्याच मालमत्तेतून आधी वसूल करणार.

फीइतकीच वकिलाचीही अडचण असते, हे मुंबईत लवकर ओळखलं गेलं. १९२४ मध्ये बॉम्बे लीगल एड सोसायटी निघाली. १९४९ मध्ये मुंबई सरकारच्या न्यायमूर्ती एन. एच. भगवती समितीने या प्रश्नावर अहवाल दिला. पुढे त्यांचेच चिरंजीव पी. एन. भगवती यांनी याच विषयावरच्या गुजरातच्या समितीचं काम केलं, आणि कृष्ण अय्यर समितीचा अहवाल १९७३ मध्ये आला.

१९७६ हे वर्ष खरं वळणाचं. ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९क आला: समान न्याय आणि मोफत कायदेविषयक साहाय्य. त्याच वर्षी संहितेतून ‘पॉपर’ (नादार) हा हिणवणारा शब्द गेला, मत्तेच्या कसोटीतल्या शंभराचे हजार झाले आणि अशा वादीला कोर्टाने वकील नेमून द्यायची सोय झाली. पण ३९क हे मार्गदर्शक तत्त्व. त्याच्या जोरावर थेट कोर्टात दाद मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने होसकोट (१९७८) आणि हुसैनारा खातून (१९७९) या खटल्यांत मोफत वकील हा हक्क मानला, तो आरोपी आणि कैद्यांसाठी. पोटगी, वाटणी, भाडेकरूची बेदखली यांत अडकलेल्यांना कायद्याचीच वाट पाहावी लागली. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये झाला आणि अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. आठ वर्षांत किती तारखा वकिलावाचून गेल्या असतील!

मधल्या काळात महाराष्ट्राने एक चांगलं पाऊल टाकलं. १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार अशा प्रकरणांत स्त्रियांची कोर्ट फी माफ झाली.

१९८७ च्या कायद्याचं कलम १२ मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कारखान्यातले कामगार यांना मोफत विधी सेवा, म्हणजे वकील आणि सल्ला, मिळायला उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी मर्यादा राज्य ठरवतं. ‘आमच्या घरी पगार आहे, मला कुठलं मिळणार’ असं म्हणून कितीतरी बायका परत फिरतात, त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. दाव्यात प्रथमदर्शनी तथ्य मात्र लागतं. उत्पन्नाची अट असलेल्यांसाठीही, शंका घ्यायला कारण नसेल तर, अर्जदाराचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं. भांडी आणि शेळी मोजून द्यावी लागत नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. मदतीचा दूरध्वनी १५१००.