ॲडवेअर: ओळख, उच्चाटन आणि बचाव

ॲडवेअर म्हणजे संगणकात शिरून जाहिराती दाखवणारा, ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलणारा किंवा आपण केलेला शोध भलत्याच शोधयंत्राकडे वळवणारा प्रोग्रॅम. फुकट सॉफ्टवेअरचा खर्च जाहिरातींतून काढणे हा मुळात सरळ व्यवहार आहे. तो न सांगता किंवा फसवून गळ्यात मारला की उपद्रव सुरू होतो. रॅन्समवेअर फायली ओलीस धरतो, ॲडवेअर तसे काही करत नाही, म्हणून त्याच्याकडे महिनोन्‌महिने कोणी लक्ष देत नाही. सांगली, मिरज, सातारा, कराड इथल्या दुरुस्तीच्या दुकानांत ही तक्रार ‘व्हायरस आलाय’ किंवा ‘मशीन स्लो झालंय’ अशा शब्दांत पोचते, आणि तिच्यावर सर्रास एकच उतारा दिला जातो: फॉरमॅट मारा, म्हणजे सगळे पुसून विंडोज नव्याने बसवा. बहुतेक वेळा त्याची गरज नसते, आणि ज्या वाटेने ॲडवेअर आला ती वाट उघडीच राहिली तर फॉरमॅटने भागतही नाही. घरांत, क्लासेसमध्ये आणि ई-सेवा केंद्रांत बहुधा विंडोजचेच संगणक असल्याने ही नोंद मुख्यतः त्यांच्यापुरती आहे.

अर्थकारण आणि इतिहास

ॲडवेअरचा धंदा ‘दर इन्स्टॉलमागे पैसे’ या हिशेबावर चालतो. लोकप्रिय फुकट प्रोग्रॅमच्या इन्स्टॉलरमध्ये दुसऱ्याचा प्रोग्रॅम गुंडाळून द्यायचा आणि तो जितक्या मशीनवर बसेल तितके पैसे घ्यायचे. गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये या बाजाराचा अभ्यास केला. त्यांना एका इन्स्टॉलचा दर देशानुसार १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत आढळला. अशा डाउनलोडचे आठवड्याला ६ कोटींहून अधिक प्रयत्न होत होते, म्हणजे मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) उतरवण्याच्या प्रयत्नांच्या जवळजवळ तिप्पट.

सुरुवात मात्र उघड व्यवहाराने झाली होती. २००० साली ऑपेरा ब्राउझर फुकट झाला तो वरच्या पट्टीत जाहिरात ठेवून, आणि २००५ मध्ये ती पट्टी काढण्यात आली. त्याच काळात गाणी उतरवून घेण्याच्या काझासारख्या प्रोग्रॅमसोबत गेटरसारखे ॲडवेअर न विचारता आत येऊ लागले. झँगो या ॲडवेअर कंपनीने २००६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी ३० लाख डॉलर भरून तडजोड केली. पुढचा काळ टूलबारचा: ब्राउझरच्या माथ्यावर तीन-तीन पट्ट्या आणि खाली पान दिसायला जेमतेम वीतभर जागा. २०१४-१५ मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर कारखान्यातूनच ‘सुपरफिश’ नावाचा ॲडवेअर आला होता. त्याने सगळ्या मशीनवर एकाच किल्लीचे सुरक्षा प्रमाणपत्र बसवल्यामुळे बँकेच्या संकेतस्थळाशी होणारी सांकेतिक देवाणघेवाणसुद्धा तिऱ्हाइताला फोडता येण्याजोगी झाली. २०१७ च्या ‘फायरबॉल’ या ॲडवेअरची लागण जगभरात २५ कोटी आणि भारतात २ कोटी ५३ लाख संगणकांना झाल्याचा अंदाज चेकपॉइंट या कंपनीने दिला. मायक्रोसॉफ्टने तो फुगवलेला ठरवला. आकड्याचा वाद सोडला तरी ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलणारा प्रोग्रॅम हवे तेव्हा मागून आणखी काहीही उतरवून घेऊ शकतो, ही चेकपॉइंटची मूळ हरकत खरीच होती.

शिरकाव कुठून होतो

या भागातला एक ठरलेला रस्ता ऑनलाइन अर्जांचा आहे. बँक भरतीच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी मागतात. मोबाइलवर काढलेला फोटो असतो तीन-चार एमबीचा. शेवटच्या तारखेला संध्याकाळी, केंद्रात रांग लागलेली असताना, कोणीतरी ‘फोटो साइज कमी करा’ असे शोधतो. वर येणाऱ्या निकालावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलेले असते, ते वाचायला कोणाला सवड नसते. पान उघडते. त्यावर डाउनलोडची तीन हिरवी बटणे दिसतात, त्यांतली दोन जाहिराती असतात. (हे काम विंडोजमधल्या पेंटमध्येच होते. ‘रीसाइझ’मध्ये टक्केवारी कमी करायची आणि जेपीजी म्हणून सेव्ह करायचे.)

दुसरा रस्ता मराठी टायपिंगचा आणि लग्नपत्रिका-फ्लेक्सच्या डीटीपीचा. फुकट फॉन्ट, जुन्या फॉन्टचे युनिकोडात रूपांतर करणारे कन्व्हर्टर आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरचे क्रॅक (परवाना चुकवून ते फुकट चालवण्याची युक्ती) शोधता शोधता नको ते हाती लागते. फॉन्टची फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ असते. फॉन्ट म्हणून ईएक्सई फाइल, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम, मिळाली तर ती उघडण्याचे काही कारणच नाही. क्रॅकची गोष्ट याहून वाईट. तो चालवण्यापूर्वी ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते, आणि माणूस ती निमूट पाळतो. प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळाऐवजी कुठल्यातरी ‘ड्रायव्हर अपडेटर’कडून घेणे हाही याच जातीचा प्रकार.

इन्स्टॉलरची खुबी एकाच पडद्यावर असते. ‘एक्स्प्रेस (शिफारस केलेले)’ हा पर्याय ठळक आणि आधीच निवडलेला, ‘कस्टम’ किंवा ‘ॲडव्हान्स्ड’ फिकट राखाडी, जणू तो दाबताच येणार नाही. कस्टममध्ये गेले की खाली आधीच टिक केलेली दोन-तीन खोकी सापडतात: अमुक सर्च मुखपृष्ठ करा, तमुक क्लीनर बसवा. पुढच्या पानावर ‘डिक्लाइन’ आणि ‘ॲक्सेप्ट’. डिक्लाइन दाबले की मूळ इन्स्टॉलेशन बंद पडेल असे वाटावे अशीच मांडणी असते. ते बंद पडत नाही, फक्त चिकटवलेला प्रोग्रॅम गळतो.

रोग नेमका कुठे आहे

आधी एक चाचणी करावी. मराठी विकिपीडिया किंवा वाईहून चालणाऱ्या मराठी विश्वकोशाचे संकेतस्थळ उघडावे. या दोन्ही ठिकाणी जाहिराती नसतात. तिथेही खोक्यात ‘वजन घटवा’ किंवा ‘घरबसल्या कमवा’ दिसले, तर दोष त्या संकेतस्थळाचा नाही, आपल्याकडचा आहे. मग तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये पाहावे. एकाच ब्राउझरमध्ये त्रास असेल तर एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम), सगळ्या ब्राउझरमध्ये असेल तर बसवलेला प्रोग्रॅम किंवा प्रॉक्सी (आपली इंटरनेटची ये-जा मधूनच वळवणारा दुवा). त्याच वायफायवरच्या मोबाइलवरही पाने भलतीकडे वळत असतील तर राउटरचे डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सोय) बदललेले असण्याची शक्यता आहे. अशा वेळी संगणक कितीही घासला तरी फरक पडत नाही.

आजकाल सर्वांत जास्त आढळणारा प्रकार तर प्रोग्रॅम नसतोच. क्रिकेटचा सामना फुकट दाखवणाऱ्या किंवा सिनेमा उतरवून देणाऱ्या पानावर ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ असे येते. ते दाबले की त्या संकेतस्थळाला नोटिफिकेशन पाठवण्याची परवानगी मिळते. दुसऱ्या दिवसापासून पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले’ अशा पाट्या सरकू लागतात, वर एखाद्या नावाजलेल्या अँटिव्हायरसचे चिन्ह. ब्राउझरची खिडकी बंद असली तरी त्या येऊ शकतात, म्हणून लोक हादरतात. अँटिव्हायरसने कितीही स्कॅन केले तरी काही सापडत नाही, कारण सापडण्याजोगे काही नसतेच. उपाय मिनिटाभराचा आहे. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असे जावे, परवानगी मिळालेल्या यादीतली अनोळखी नावे काढावीत आणि कोणत्याही साइटला विचारूच देऊ नये असा पर्याय निवडावा. एज आणि फायरफॉक्समध्येही ही यादी साधारण अशाच जागी असते. एवढ्याशा गोष्टीसाठी फॉरमॅटचे पैसे मोजलेले लोक थोडेथोडके नाहीत.

उच्चाटन

परवानग्यांनी भागले नाही तर पुढची पायरी एक्स्टेन्शनची. कोणते एक्स्टेन्शन कशासाठी आहे हे सांगता येत नसेल तर ते काढावे. इथे एक खोच आहे: गूगल खात्याचे सिंक (सगळ्या उपकरणांवर सारखीच मांडणी ठेवणारी सोय) चालू असेल तर काढलेले एक्स्टेन्शन दुसऱ्या संगणकावरून पुन्हा येऊ शकते. म्हणून साफसफाई होईपर्यंत सिंक बंद ठेवावे.

नंतर सेटिंग्जमधली ॲप्सची यादी इन्स्टॉलच्या तारखेनुसार लावावी. त्रास सुरू झाला त्या दिवशी काय काय बसले ते ओळीने दिसते. ‘पीसी ऑप्टिमायझर’, ‘वेब कंपॅनियन’, ‘सर्च मॅनेजर’ छापाची नावे उडवावीत. काढताना ‘खरंच जाताय का, निम्म्या किमतीत देतो’ असे लाडीगोडीचे पान आले तर बटणावरचा मजकूर दोनदा वाचावा. टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी आणि टास्क शेड्युलर या दोन जागाही पाहाव्यात. दर तासाला ब्राउझर आपोआप उघडत असेल तर त्याचे मूळ बहुधा शेड्युलरमध्येच असते.

दोन लपण्याच्या जागा दुकानातही अनेकदा तपासल्या जात नाहीत. पहिली म्हणजे डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या आयकॉनची प्रॉपर्टीज. त्यात टार्गेटच्या चौकटीत फाइलच्या नावापुढे एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटलेला असेल तर मुखपृष्ठ शंभरदा बदलूनही तेच पान उघडणार. दुसरी जागा, क्रोमच्या मेनूत खाली दिसणारी ‘तुमची संस्था हा ब्राउझर नियंत्रित करते’ ही ओळ. कार्यालयाच्या संगणकावर ती स्वाभाविक आहे. घरच्या मशीनवर मात्र ॲडवेअरने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात) धोरण लिहून ठेवल्याची ती खूण असू शकते. काही अँटिव्हायरसही असे धोरण लिहितात, त्यामुळे आधी शहानिशा करावी. नेटवर्क सेटिंग्जमध्ये आपण न बसवलेला मॅन्युअल प्रॉक्सी चालू असेल तर तो बंद करावा.

साधनांपैकी ॲडवेअरसाठीच बनलेले ॲडब्ल्यूक्लीनर हलके आणि फुकट आहे. ते २०१६ पासून मालवेअरबाइट्स या कंपनीकडे आहे. विंडोजच्या डिफेंडरमधले ऑफलाइन स्कॅन मशीन पुन्हा सुरू करून, विंडोज पूर्ण उठण्याआधी तपासणी करते, म्हणून चिवट प्रकारांवर ते अधिक लागू पडते. या भागात अँटिव्हायरस म्हटले की क्विक हील हे नाव चटकन तोंडी येते. त्याचे संस्थापक कैलाश काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून त्यांनी बंधू संजय काटकर यांच्यासह १९९५ मध्ये पहिला अँटिव्हायरस आणला. कुठल्याही अँटिव्हायरसबाबत एक मर्यादा लक्षात ठेवावी. वापरणाऱ्याने ‘ॲक्सेप्ट’ दाबून बसवलेला प्रोग्रॅम व्हायरस म्हणून पकडला जाईलच असे नाही. त्यासाठी ‘नको असलेली ॲप्स’ रोखण्याची वेगळी सोय चालू असावी लागते. एकावर एक दोन-तीन अँटिव्हायरस बसवून मात्र मशीन अधिकच रेंगाळते.

शेवटी ब्राउझर रीसेट करावा. बुकमार्क आणि पासवर्ड त्याने जात नाहीत.

फॉरमॅट कधी करावा? पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम सोबत आल्याचा संशय असेल तेव्हा. हा धोका काल्पनिक नाही. २०२५ मध्ये जाहिरातींतून पसरवलेला एक पीडीएफ एडिटर काही आठवडे निरुपद्रवी राहिला आणि मग ब्राउझरमधले पासवर्ड व कुकी (साइन-इन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) चोरू लागला. अशा वेळी आधी दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून बँक आणि ईमेलचे पासवर्ड बदलावेत, सर्व ठिकाणांहून साइन-आउट करावे, आणि मगच फॉरमॅट. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून घ्यावी. दुकानातल्या पेनड्राइव्हवरची क्रॅक केलेली विंडोज आणि ऑफिस पुन्हा मारली तर मशीन दुकानातून बाहेर पडतानाच आजारी असण्याची शक्यता राहते. गिऱ्हाइकाला स्वस्तात सगळे हवे असते आणि दुकानदाराला तासाभरात काम उरकायचे असते, त्यामुळे दोष एकट्या दुकानदाराचा नाही.

बचाव

विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’खाली प्रतिष्ठेवर आधारित संरक्षणाचा भाग आहे. त्यातले नको असलेल्या ॲप्सना अटकाव करणारे बटण चालू आहे का ते पाहावे. रोजच्या कामासाठी ॲडमिनिस्ट्रेटर नसलेले साधे खाते ठेवले तर बरेच इन्स्टॉलर पासवर्डपाशी अडतात. मुले गेमसाठी मशीन वापरतात त्या घरांत आणि चार जण एकाच मशीनवर बसतात त्या केंद्रांत हा उपाय अँटिव्हायरसपेक्षा मोलाचा आहे. जाहिराती अडवणारे यूब्लॉक ओरिजिन फायरफॉक्समध्ये पूर्ण ताकदीने चालते. क्रोमच्या नव्या नियमांमुळे तिथे त्याची ‘लाइट’ आवृत्ती वापरावी लागते. खोटी डाउनलोड बटणे त्याने बरीचशी दिसेनाशी होतात.

क्रॅकची गरजच कमी करणे हा खरा बंदोबस्त. पत्रव्यवहार आणि हिशेबाला लिबरऑफिस पुरते. मराठी फोनेटिक कळफलक विंडोज १० मध्ये २०१९ पासून अंगचाच आहे, आणि मुक्तासारखे देखणे देवनागरी फॉन्ट परवान्यासह फुकट मिळतात. विंडोज १० चा नियमित सुरक्षा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही लक्षात घ्यावे. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर (स्थापना २०१७) सफाईची काही साधने विनामूल्य आहेत.

कायदा आणि तक्रार

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात दूषित प्रोग्रॅम घुसवणाऱ्याला नुकसानभरपाई द्यावी लागते. ॲडवेअरवाले ‘ॲक्सेप्ट’च्या टिचकीकडे बोट दाखवून निसटतात. ही पळवाट काही अंशी २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ (ग्राहकाला फसवणारी पडद्यावरची मांडणी) विरोधी मार्गदर्शक तत्त्वांनी अरुंद केली. ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या त्या यादीत १३ प्रकार आहेत. संगणकात व्हायरस असल्याची खोटी भीती घालून बनावट सफाईचा प्रोग्रॅम विकणे हा त्यांतला एक. अशा प्रोग्रॅमसाठी पैसे भरले गेले असतील, किंवा पडद्यावरच्या क्रमांकाला फोन करून कोणाला मशीनचा ताबा दिला असेल, तर आधी इंटरनेट तोडावे, मग बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे. जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. तिच्यासोबत पाटीचा फोटो, व्यवहाराचा क्रमांक आणि तो प्रोग्रॅम ज्या पानावरून घेतला त्याचा पत्ता लागतो, म्हणून हे सगळे नोंदवून घेईपर्यंत मशीन फॉरमॅटला देऊ नये.