ब्रॉयलरच्या पायांखालची शंभर वर्षं

सहा आठवड्यांच्या ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या, कोंबडीचा पाय उलटा करून तळवा पाहिला, की तिचे दिवस कशावर गेले ते समजतं. तळवा फिकट, मऊ आणि खवले शाबूत असतील तर खालचा भुसा कोरडा होता. मधोमध तपकिरी-काळी खपली धरलेली असेल तर ती ओल्या लिटरवर, म्हणजे शेडच्या जमिनीवर पसरलेल्या भुशाच्या थरावर, उभी होती, आणि खपलीखाली खोल व्रण असेल तर तसे दिवस बरेच गेले. ही खूण ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. तरी व्यवसाय सुरू झाल्यापासून ती नीट ओळखली जायला साठेक वर्षं गेली. हा उशीर कशामुळे झाला, हे कळलं की लिटरबद्दलचे आजचे बरेच वाद समजायला सोपे जातात.

आधी एक फरक सांगायला हवा. ‘कोंबड्यांचे पाय गेले’ असं म्हणताना दोन वेगळे आजार एकत्र बोलले जातात. एक हाडांचा, सांध्यांचा आणि चालीचा. दुसरा कातडीचा, म्हणजे तळव्यावरचे व्रण आणि हॉक सांध्यावरचे (पंजाच्या वरच्या, मागे वळलेल्या सांध्यावरचे) भाजल्यासारखे डाग. लिटरचा दुसऱ्याशी थेट संबंध आहे. पहिल्याशी असलेलं नातं आडवळणाचं आहे. इतिहासात ही दोन्ही सूत्रं सतत एकमेकांत गुंतत राहिली.

पिल्लं शेडमध्ये वाढवायची म्हटलं, की पहिली अडचण पायांचीच यायची. ऊन न मिळालेली पिल्लं काही आठवड्यांत पायावर बसायची. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन इथले हार्ट, हॅल्पिन आणि स्टीनबॉक १९२० च्या सुमाराला नेमक्या याच ‘पायांच्या अशक्तपणा’वर काम करत होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत ड जीवनसत्त्वाची ओळख पटली. कॉड माशाच्या यकृताचं तेल खाद्यात आलं आणि वर्षभर छपराखाली पिल्लं वाढवणं शक्य झालं. १९२३ मध्ये डेलावेअर राज्यातल्या सिसिल स्टील यांनी ५० पिल्लं मागवली आणि चुकून ५०० आली. त्यांनी ती परत न पाठवता मांसासाठी वाढवून विकली. १९२६ पर्यंत त्यांच्याकडे १०,००० पक्ष्यांची शेड उभी होती. मांसाच्या कोंबडीचा वेगळा धंदा सुरू झाला तो साधारण इथून.

शेड आली म्हणजे जमिनीवर काहीतरी पसरणं आलं. ते काय असावं, हे आसपास काय उरतं यावरून ठरत गेलं. लाकडाची गिरणी असेल तिथे रंध्याचा भुसा, भात पिकतो तिथे तूस, गहू पिकतो तिथे काड, भुईमूग असेल तिथे टरफलं. लिटरचा सगळा इतिहास हा मुळात दुसऱ्या कुठल्या तरी धंद्याच्या उरलेल्या मालाचा इतिहास आहे. त्यामुळे फार काळ त्याकडे पाहिलं गेलं ते ‘पुसायचं फडकं’ म्हणूनच: विष्ठा झाकायची, ओल टिपायची, इतकंच त्याचं काम.

पायांचं उत्तर मात्र खाद्याच्या पोत्यातच सापडत राहिलं. १९३६ मध्ये विल्गस, नॉरिस आणि ह्यूझर यांनी दाखवलं, की हॉक सांधा सुजून कंडरा घसरण्याचा विकार, पेरोसिस, मँगनीजच्या कमतरतेतून येतो. ड जीवनसत्त्वापाठोपाठ मिळालेलं हे दुसरं मोठं यश. त्यातून पुढच्या पिढीच्या मनात जणू नियमच बसला: पाय बिघडले तर खाद्य तपासा. हा नियम चुकीचा नव्हता, पण त्यामुळे जमिनीकडे कुणाची नजरच गेली नाही.

१९४० च्या दशकात तर जुनं लिटर गुणकारी असल्याचा पुरावा मिळाला. ओहायोच्या कृषी संशोधन केंद्रात केनार्ड आणि त्यांचे सहकारी लिटर दर वेळी न बदलता साठवत नेण्याचे प्रयोग करत होते. मुरलेल्या लिटरवरच्या कोंबड्यांची अंडी अधिक चांगली उबतात, असं त्यांना दिसलं. १९४८ मध्ये ब१२ जीवनसत्त्व वेगळं काढता आलं, तेव्हा यामागचं एक कारणही उलगडलं: लिटरमधले सूक्ष्मजीव ते तयार करत होते आणि कोंबड्या टोचता टोचता ते मिळवत होत्या. त्याच वर्षी सल्फाक्विनॉक्झॅलीन हे औषध खाद्यात द्यायला सुरुवात झाली आणि रक्ती हगवणीची धास्ती कमी झाली. मग एकाच भुशावर पक्ष्यांच्या एकामागून एक तुकड्या घेणं परवडू लागलं. अमेरिकेत ही पद्धत कायमची रुजली. युरोपात बहुतेक ठिकाणी दर तुकडीनंतर लिटर काढायची रीत राहिली. आजही या दोन प्रदेशांतले लिटरचे निष्कर्ष एकमेकांना सहज लावता येत नाहीत, ते यामुळे.

१९४८ हे आणखी एका कारणाने महत्त्वाचं. ‘उद्याची कोंबडी’ या अमेरिकी स्पर्धेची राष्ट्रीय अंतिम फेरी त्या वर्षी झाली. रुंद छातीचा, झपाट्याने वाढणारा पक्षी हे तिचं उद्दिष्ट होतं, आणि ते साध्य झालं. किती झालं ते सांगायला एक तुलना पुरेशी आहे. १९५७ चा वाण आणि २००१ चा वाण, दोघांनाही आपापल्या काळाचं खाद्य दिलं, तर ४२ दिवसांना पहिला सुमारे ५४० ग्रॅमचा भरतो आणि दुसरा सुमारे २,६७० ग्रॅमचा. पाचपट वजन, तेही अजून हाडं पक्की होत असलेल्या पायांवर.

वजनाबरोबर वागणंही बदललं, आणि लिटरच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचं. कोंबडीचा मूळ पूर्वज, रानकोंबडा, दिवसभर पाचोळा उकरत हिंडणारा. आजचा धडधाकट ब्रॉयलर वाढीच्या शेवटी दिवसाचा सुमारे ७६ टक्के वेळ बसून काढतो. लंगडा असेल तर ८६ टक्क्यांपर्यंत. ज्या भुशावर तो बसतो त्यावरच तो विष्ठा टाकतो. उकरणं कमी झालं की भुसा खालीवर होत नाही, वरचा थर घट्ट बसतो, ओल अडकते आणि तळव्याला, हॉकला, छातीला लागते. पाय दुखले की बसणं वाढतं आणि बसणं वाढलं की कातडी आणखी खराब होते. हाडांचा आजार आणि कातडीचा आजार इथे एकमेकांना धरतात.

भुसाच नको, म्हणून तारेच्या जाळीवर किंवा पिंजऱ्यात ब्रॉयलर वाढवण्याचे प्रयत्नही झाले. छातीवर फोड आले, पाय बिघडले, आणि बहुतेक ठिकाणी भुसा टिकून राहिला. याचं फार बोलकं प्रत्यंतर पुढे २०१२ मध्ये आलं. आर्कान्सा विद्यापीठात वाइडमन यांच्या गटाला प्रयोगासाठी हमखास लंगडेपणा घडवून आणायचा होता, आणि त्यांनी त्यासाठी जाळीची जमीनच वापरली. अस्थिर जाळीवर तोल सांभाळताना वाढत्या हाडांच्या टोकांना सूक्ष्म इजा होतात आणि रक्तातून आलेले जिवाणू तिथे ठाण मांडतात. म्हणजे पायाखालची जमीन कातडीच्याही पलीकडे, हाडांपर्यंत पोहोचू शकते. स्थिर, मऊ भुशाचं हे काम फारसं कुणी मोजत नाही, पण ते आहे.

तळव्यांच्या व्रणांची दखल आधी टर्की पक्ष्यांत घेतली गेली, आणि तिथेही पहिला संशय खाद्यावरच गेला. १९७० च्या दशकात बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर बरंच काम झालं. कमतरता असेल तिथे बायोटिन दिल्याने फरकही पडतो. पण लिटर ओलं असेल तर बायोटिनचा उपयोग मर्यादित राहतो. दिशा बदलली ती १९८४-८५ मध्ये. ब्रिटनमध्ये मार्टलँड यांनी आधी टर्कीत आणि मग ब्रॉयलरमध्ये ओल्या लिटरचा आणि व्रणांचा थेट संबंध दाखवला. त्याच सुमाराला उत्तर आयर्लंडमधून ब्रॉयलरच्या ‘संपर्कजन्य त्वचादाहा’ची सविस्तर वर्णनं आली. आजाराचं कारण पोटातून पायाखाली सरकलं.

मग प्रश्न आला, दोष अमोनियाचा की पाण्याचा? विष्ठेतलं युरिक आम्ल सूक्ष्मजीव फोडतात, अमोनिया सुटतो, लिटर अल्कधर्मी होतं आणि कातडी जळते, असं सर्वसाधारण मत होतं. २००७ मध्ये मेन, एल्स आणि हॉकिंग यांनी टर्कीच्या पिल्लांखालचं लिटर साध्या पाण्याने ओलं ठेवलं आणि तेवढ्यानेही व्रण झाले. हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याने प्रश्न साफ केला. पाण्याने कातडी मऊ पडते, फुगते, फाटते. अमोनिया आणि जिवाणू त्यानंतर येतात. लिटर सुकवून मिळालं तर हलक्या जखमा भरूनही येतात.

हे लक्षात घेतलं तर ‘सगळ्यात चांगलं लिटर कोणतं’ हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. भुसा किती पाणी पितो यावर सगळ्यांचं लक्ष असतं. तो पाणी किती लवकर सोडतो, हे तितकंच महत्त्वाचं. लाकडाच्या कपच्या दोन्ही गोष्टी बऱ्या करतात, म्हणून बहुतेक तुलनांमध्ये त्या मापदंड ठरल्या. तूस पाणी कमी पितं, पण मोकळं राहतं आणि लवकर सुकतं. गव्हाचं काड दिसायला उबदार, पण त्याचा पृष्ठभाग मेणचट असतो. लांब काड्या एकमेकींत अडकून चटईसारखा थर होतो आणि त्यावर ओल साचते. बारीक चिरलेलं काड त्यामानाने बरं. बारीक भुकटीसारखा भुसा धुरळा उडवतो, पिल्लं तो खातात. कागदाचे तुकडे पाणी भरपूर पितात आणि मग लगदा होऊन बसतात. वाळू पाणी पीतच नाही, पण लवकर कोरडी होते. मात्र लहान पिल्लांसाठी ती तापवायला जास्त उष्णता लागते आणि उपसताना जड जाते. पीट, म्हणजे दलदलीत साठलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, आम्लधर्मी असल्याने अमोनिया दबतो आणि तळवेही चांगले राहतात, पण त्यासाठी दलदलीची जमीन खणावी लागते, आणि तिथला साठलेला कार्बन मोकळा होतो. ही किंमत मला तरी परवडणारी वाटत नाही.

स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात कुक्कुट उद्योगाने कत्तलखान्यात तळवे तपासून गुण देण्याची व्यवस्था सुरू केली. एकस्ट्रँड आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या पाहणीत काडापेक्षा लाकडाच्या भुशावर पाय बरे दिसले, हे अपेक्षितच होतं. अनपेक्षित होतं ते जाडीबद्दलचं निरीक्षण: पाच सेंटिमीटरपेक्षा पातळ थरावर व्रण कमी होते. पातळ थर पक्षी तळापर्यंत उकरू शकतात, तो खालीवर होतो आणि सुकतो, हे त्याचं पटण्याजोगं स्पष्टीकरण आहे. अर्थात थंड, ओल येणाऱ्या जमिनीवर हे जसंच्या तसं लागू होणार नाही. पाण्याच्या भांड्यांऐवजी निपल, म्हणजे चोच लावली की थेंब सोडणाऱ्या नळ्या, आल्यानेही मोठा फरक पडला. सांडणारं पाणीच कमी झालं.

चालीचं मोजमाप याच काळात स्वतंत्रपणे आकाराला आलं. ब्रिस्टॉलमध्ये केस्टिन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये शून्य ते पाच अशी चालीची श्रेणी वापरली. ९० टक्के पक्ष्यांत काही ना काही दोष आढळला आणि २६ टक्क्यांत तो गंभीर होता. २००८ मध्ये नोल्स यांच्या गटाने ५१,००० पक्षी पाहिले: सरासरी ४० दिवसांच्या वयात २७.६ टक्के नीट चालू शकत नव्हते. तिथे पुढे आलेली कारणं होती वाण, वय, अंधाराचे तास, गर्दी आणि खाद्य. चालीचा दोष केवळ भुसा बदलून जाणार नाही, हे यावरून मान्य करावं लागतं.

दुसरीकडे, २००४ मध्ये डॉकिन्स, डोनेली आणि जोन्स यांनी दहा कंपन्यांचे २७ लाख पक्षी अभ्यासले. पक्ष्यांचं कल्याण गर्दीच्या आकड्यापेक्षाही शेडमधल्या परिस्थितीवर, म्हणजे हवेतली आर्द्रता, तापमान, लिटर आणि अमोनिया यांवर अधिक ठरतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. युरोपीय संघाच्या २००७ च्या निर्देशात दोन्ही गोष्टी आल्या. गर्दीची मर्यादा दर चौरस मीटरला पक्ष्यांचं ३३ किलो वजन आणि अटी पाळल्यास ४२ पर्यंत. आणि प्रत्येक पक्ष्याला कायम असं लिटर, ज्याचा पृष्ठभाग कोरडा आणि भुसभुशीत असेल. कोणता माल वापरायचा, हे त्यात मुळीच सांगितलेलं नाही, आणि ते योग्यच झालं.

अमेरिकेत नजर वळवली ती बाजाराने. कोंबडीचे पंजे पूर्वी टाकाऊ मालात जायचे. पूर्व आशियातून मागणी आली तेव्हा खपली असलेला पंजा नाकारला जाऊ लागला, आणि तळव्याला पहिल्यांदा भाव आला. भुशाच्या प्रकारांच्या कितीतरी तुलना त्यानंतरच्या आहेत.

आता अनेक कत्तलखान्यांत कॅमेरे दर तुकडीचे तळवे मोजतात. अहवाल शेतकऱ्याला मिळतो तोवर ते पक्षी संपलेले असतात. जिवंत तुकडीसाठी अजून शेडमध्ये वाकून मूठभर लिटर उचलणंच कामी येतं. दाबून सोडल्यावर ते हलकंसं धरून लगेच विस्कटलं तर ठीक. गोळा तसाच राहिला तर त्याच दिवशी निपलची उंची आणि गळती पाहायची, हवा वाढवायची, ओली ढेप काढून तिथे कोरडा भुसा टाकायचा, कारण टर्कीच्या पिल्लांत ओल्या लिटरवर तळवा बिघडायला दोन दिवसही पुरले होते.