पाचशे नंबरच्या एररचा मुकेपणा

आपलीच साइट उघडायला जावं आणि पांढऱ्या पानावर 'इंटर्नल सर्व्हर एरर' एवढंच दिसावं, हे शेअर्ड होस्टिंगवाल्या (म्हणजे एकाच सर्व्हरवर इतरांसोबत भाड्याने राहणाऱ्या) जवळजवळ प्रत्येकाने एकदा तरी भोगलेलं असतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की जास्त माहिती सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये, म्हणजे चुकांच्या नोंदवहीत, मिळू शकेल. तो लॉग कुठे आहे, याबद्दल चकार शब्द नाही. हा मुकेपणा आला कुठून, हे बघायला 1993 पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या सुपरकॉम्प्युटिंग केंद्रात रॉब मॅककूल याने एक वेब सर्व्हर लिहिला. एकाच मशीनवर अनेकांची पानं असत आणि प्रत्येकाने कुलूप लावायला व्यवस्थापकाच्या मागे धावावं, हे परवडणारं नव्हतं. म्हणून सोय झाली: आपल्या फोल्डरमध्ये 'डॉट एचटीॲक्सेस' नावाची छोटी फाईल ठेवा आणि कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही, ते तिच्यात लिहा. 1994 मध्ये मॅककूल तिथून बाहेर पडला आणि सर्व्हरचं काम रेंगाळलं. तो वापरणाऱ्यांनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या आणि एप्रिल 1995 मध्ये अपाचेची पहिली जाहीर आवृत्ती आली. वर्षभरात तो जगात सर्वाधिक वापरला जाणारा वेब सर्व्हर झाला. ही छोटी फाईल त्याला वारसाहक्काने मिळाली.

खरी गोम इथे आहे. अपाचेची मुख्य कॉन्फिगरेशन फाईल सर्व्हर सुरू होताना वाचली जाते. तिच्यात चूक असेल तर सर्व्हर सुरूच होत नाही, कितव्या ओळीत घोळ आहे ते सांगतो, आणि व्यवस्थापक तिथल्या तिथे दुरुस्त करतो. डॉट एचटीॲक्सेस मात्र प्रत्येक विनंतीच्या वेळी नव्याने वाचली जाते. म्हणजे तिच्यातली चूक कळते ती पाहुणा दारात उभा असताना! त्या पाहुण्याला घरातल्या फाइलींचे पत्ते दाखवणं धोक्याचं, म्हणून त्याला नुसता 500 हा आकडा मिळतो आणि तपशील लॉगमध्ये जातो. लॉग घरमालकाकडे, म्हणजे होस्टिंग कंपनीकडे. भिंतीला खिळा ठोकायची मुभा भाडेकरूला, पण आत कोणती वायर तुटली हे बघायची पेटी मालकाच्या कुलपात, असा हा व्यवहार. पुढे सीपॅनलसारख्या, ब्राउझरमधून होस्टिंगचं खातं सांभाळायच्या पॅनलांनी लॉगला एक खिडकी करून दिली. ती कुठल्या मेनूत दडली आहे, हे शोधायचं काम तेवढं उरलं.

भाडेकरू वाढले ते एचटीटीपी 1.1 मुळे, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या नव्या नियमांमुळे. जानेवारी 1997 च्या या मसुद्याने ब्राउझरला कोणती साइट हवी तिचं नाव सांगणं बंधनकारक केलं, त्यामुळे एकाच आयपी पत्त्यावर शेकडो साइट राहू लागल्या आणि होस्टिंग स्वस्त झालं. त्याच सुमारास राल्फ एंगेलशाल याने 1996 मध्ये लिहिलेलं मॉड-रीराइट हे पत्ते बदलणारं मॉड्यूल अपाचेला देऊन टाकलं. कुलपाच्या फाइलीत आता पत्ते फिरवण्याचे नियमही आले. अपाचेच्या संस्थापकांपैकी ब्रायन बेहलेनडॉर्फ याने म्हटलं होतं की यात सेंडमेलची (ईमेल पोचवणाऱ्या जुन्या प्रोग्रामची) सगळी लवचिकता आहे हा याचा गुण, आणि दोषही तोच. सेंडमेलची कॉन्फिगरेशन ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा टोमणा जास्त कळेल. 2003 मध्ये ब्लॉग चालवायचं वर्डप्रेस आलं. सुबक पर्मालिंकसाठी, म्हणजे पोस्टींच्या कायमच्या पत्त्यांसाठी, तेही या फाइलीत स्वतः नियम लिहू लागलं, मग त्याचे प्लगइन, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्रामही.

सगळ्यात चीड आणणारा प्रकार म्हणजे आपण काहीच न करता साइट पडणं. 2012 मध्ये अपाचे 2.4 आलं आणि 'ऑर्डर', 'अलाऊ', 'डिनाय' या जुन्या आज्ञांच्या जागी 'रिक्वायर' आली. जुन्या आज्ञा समजून घेणारं मॉड्यूल ठेवलं होतं, पण ते लोड केलेलं नसेल तर त्याच जुन्या ओळी थेट 500 देतात. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीचंही तसंच. 'पीएचपी व्हॅल्यू'ने सुरू होणारी ओळ पीएचपी अपाचेच्या पोटात चालत असेल तरच चालते. प्रत्येक खात्याचं पीएचपी वेगळं चालवायला होस्टनी सुरुवात केली, तेव्हा वर्षानुवर्षं गुमान बसलेली ती ओळ एका रात्रीत चूक ठरली. होस्टला विचारावं तर उत्तर ठरलेलं: आमच्याकडून सगळं ठीक आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला आणखी दोन काटे आले. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये देवनागरी टिकवायची तर फाईल यूटीएफ-8 या सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत सेव्ह करावी लागे, आणि नोटपॅड तिच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट चिकटवून देई. डॉट एचटीॲक्सेसमध्ये ते आले की अपाचेला पहिलीच ओळ अनोळखी आज्ञा वाटते. 2019 च्या विंडोज 10 अपडेटपासून नोटपॅडने ही खोड सोडली. दुसरा काटा डेटाबेसचा. वर्डप्रेस आपला मजकूर ज्यात साठवतं ते मायएसक्यूएल मूळचं स्वीडनचं. त्याचा डीफॉल्ट अक्षरसंच बराच काळ पश्चिम युरोपीय भाषांचा लॅटिन-1 होता आणि शब्दांचा क्रम स्वीडिश. 2007 मध्ये वर्डप्रेस 2.2 ने कॉन्फिग फाइलीत डीबी-कॅरसेट ही डेटाबेसचा अक्षरसंच सांगणारी ओळ आणली. जुना मजकूर लॅटिन-1 मध्ये साठलेला, वर नवीन कॉन्फिग फाईल, की सगळ्या मराठी पोस्टींच्या जागी फिरंगी अक्षरांची खिचडी. इलाज गमतीदार होता: ती ओळ काढून टाका.

2019 च्या वर्डप्रेस 5.2 मध्ये साइट कोसळली तर मालकाला ईमेल जाऊ लागला, बहुधा दोषी प्लगइनच्या नावासकट. ही सोय पीएचपीच्या चुकांपुरती आहे. डॉट एचटीॲक्सेसमधली चूक पीएचपी सुरू होण्याआधीच आडवी येते, त्यामुळे तिथे ईमेल पाठवायला कोणी जागंच नसतं. तिच्यासाठी जुनाच उपाय आहे: फाइलीचं नाव बदलायचं, पान पुन्हा लोड करायचं, आणि साइट उघडली तर एकेक ओळ परत घालत बसायचं.