सव्वा इंचाच्या नळीतलं आकाश

निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या यायला लागल्या की नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या गच्चीवर दुर्बीण बाहेर निघते. १३० मिलिमीटर व्यासाचा आरसा, ६५० मिलिमीटर नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं. नवख्यांच्या घरी असते तशीच साधी न्यूटोनियन, म्हणजे आरशाने प्रकाश गोळा करणारी. डिसेंबरात रात्री अकराच्या आत कृत्तिका अगदी डोक्यावर येतात. खालच्या मजल्यावरच्या वहिनी त्या बघायला वर आल्या, आयपीसला, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगांच्या नळकांड्याला, डोळा लावला आणि म्हणाल्या, "भाऊजी, यात तर चार-पाचच ठळक चांदण्या आहेत. नुसत्या डोळ्यांनी अख्खा झुबका दिसतो की!"

चूक माझी होती. दुर्बिणीसोबत आलेला १० मिलिमीटरचा आयपीस मी तसाच ठेवला होता. दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं, ६५० भागिले १०, म्हणजे ६५ पट मोठं दिसणार. त्या आयपीसचं क्षेत्र साधारण ५० अंशांचं. पन्नासला पासष्टने भागलं की पाऊण अंशाच्या आसपास आकाश उरतं. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, तो त्यात आरामात बसतो. कृत्तिकांचा पुंजका मात्र जवळपास दोन अंश पसरलेला आहे. वहिनींना मी झुबक्याचा मधला तुकडा दाखवत होतो.

आयपीसच्या डबीवर ५०, ६८, ८२ अंश असे आकडे असतात. ते आकाशाचे अंश नव्हेत. डोळा लावल्यावर समोर जे उजेडाचं वर्तुळ दिसतं, ते डोळ्याला किती रुंद भासतं याचं ते माप. त्याला पटीने भागायचं, मग खरं आकाश कळतं. व्हिएन्नाच्या प्लॉस्लने १८६० साली बसवलेली चार भिंगांची रचना आजही सर्वांत जास्त विकली जाते आणि ती ५० अंशांच्या घरात राहते. अल नॅगलर नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी अपोलोच्या चांद्रवीरांना सराव देणाऱ्या सिम्युलेटरची प्रकाशयंत्रणा रचली होती. त्यांनीच पुढे, १९८०च्या सुमारास, ८२ अंशांचे आयपीस बाजारात आणले. तेव्हापासून आयपीसमध्ये भिंगं वाढत गेली, वजन वाढलं आणि किंमतही.

मग ८२ अंशांचा घेतला की प्रश्न मिटला? लहान दुर्बिणीत नाही मिटत. तिच्या फोकसरला, म्हणजे आयपीस पुढे-मागे सरकवणाऱ्या भागाला, सव्वा इंचाची नळी बसते, म्हणजे बाहेरून ३१.७ मिलिमीटर. आत दृश्याची कड आखणारी एक चकती असते. नळीची जाडी वजा जाता तिचं भोक २७ मिलिमीटरच्या फारसं पुढे जात नाही. २७ला ६५०ने भागा आणि अंशांत आणण्यासाठी ५७.३ने गुणा. उत्तर येतं जेमतेम २.४ अंश. कितीही महागडा आयपीस आणा, सव्वा इंचात या दुर्बिणीतून याहून जास्त आकाश दिसणार नाही. ती हद्द नळीनेच आखलेली आहे.

आता गंमत बघा. ३२ मिलिमीटरचा साधा प्लॉस्ल ही हद्द गाठतो, आणि २४ मिलिमीटरचा ६८ अंशांचा आयपीसही गाठतो. दोघांत आकाश तेवढंच. तरी मी सिडकोतल्या माणसाला २४चाच घ्यायला सांगेन, आणि त्याचं कारण आपल्या रस्त्यावरच्या दिव्यांत आहे. आयपीसमधून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताला जाडी असते: आयपीसचं नाभीय अंतर भागिले दुर्बिणीचा एफ-आकडा. एफ-आकडा म्हणजे दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास. आपली दुर्बीण एफ/५. म्हणजे ३२च्या आयपीसमधून ६.४ मिलिमीटरचा झोत येतो, २४मधून ४.८चा. क्षेत्रफळाच्या हिशेबाने ३२मध्ये आकाशाची पार्श्वभूमी पावणेदोन पटींहून थोडी जास्त उजळ. शहरात ही पार्श्वभूमी काळी नसतेच, राखाडी असते. ती आणखी उजळली की देवयानी दीर्घिकेची फिकट कड त्यात विरघळून जाते. २४मध्ये तेच आकाश जास्त काळं दिसतं, वर २० पटींऐवजी २७ पट मिळतात. शिवाय चाळिशी उलटलेल्यांची बाहुली अंधारातही पूर्ण सात मिलिमीटर उघडेलच असं नाही. ती पाचावर अडली, तर ६.४च्या झोतातला कडेचा प्रकाश डोळ्यात शिरतच नाही. ४० मिलिमीटरच्या आयपीसवर पैसे घालू नका. आकाश तेवढंच आणि झोत आठ मिलिमीटरचा, जो बहुतेकांच्या डोळ्यात मावत नाही.

हरसूलच्या बाजूला अमावास्येच्या रात्री गेलात तर ३२चा प्लॉस्लही सुंदर चालतो. पार्श्वभूमी तिथे मुळातच काळी असते.

खरी परीक्षा कडेला होते. एफ/५चा आरसा प्रकाश तिरप्या कोनात गोळा करतो आणि स्वस्त रुंद आयपीसना तो तिरपेपणा पेलत नाही. मधले तारे टाचणीच्या टोकासारखे, कडेचे पंख फुटल्यासारखे. दोष कुणाचा हे गच्चीवरच कळतं. कडेचा तारा धरून फोकस पुन्हा जुळवा. तो टिपक्यासारखा झाला आणि मधले धुरकटले, तर क्षेत्र वाकलेलं आहे, एवढंच. ते चालवून घेता येतं. फोकस पुढे-मागे करताना ताऱ्याची रेघ आडवीची उभी झाली, तर आयपीसचा दृष्टिवैषम्याचा दोष, म्हणजे आडवे-उभे किरण एकाच जागी न जुळणं. शेपट्या सगळ्या बाहेरच्या बाजूला असतील तर तो आरशाचाच कोमा नावाचा दोष, आयपीसला बोल लावू नका. आणि मान वाकडी केल्यावर रेघही सोबत फिरली, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. ज्यांच्या चष्म्याला सिलिंडरचा नंबर आहे त्यांना जाड झोतात हे जास्त जाणवतं. त्यांनी चष्मा न काढता पाहावं आणि भिंगापासून डोळा १५ ते २० मिलिमीटर दूर ठेवता येईल असाच आयपीस घ्यावा. नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला की काम भागतं.

बजेट बेताचं असेल तर ६६ अंशांचे, सोनेरी पट्टीमुळे गोल्डलाइन म्हणून ओळखले जाणारे आयपीस बघा. पण त्यातला ९ मिलिमीटरचा घ्या. २०चा एफ/५वर कडेला फारच सांडतो. नऊचा ७२ पट देतो आणि तरी ०.९ अंश आकाश दाखवतो. हाताने ढकलायच्या दुर्बिणीत याला मोल आहे, कारण पृथ्वीच्या फिरण्याने तारे चार मिनिटांत अंशभर सरकतात.

मी २४चा घेतला. वहिनींना पुन्हा बोलावलं, या वेळी झुबका अख्खा होता आणि भोवती काळोखाची किनारही. आता मेच्या शेवटी, पाऊस यायच्या आत, वृश्चिकाच्या शेपटीजवळचा एम ७ हा तारकागुच्छ बघायचा आहे. नाशिकहून तो पहाटे दोनच्या सुमारास दक्षिणेला ३५ अंशांवर चढतो. रुंदी सव्वा अंशाच्या थोडी वर, म्हणजे मावेल.