डायपर (एकदा वापरून टाकण्याचा)

बाळाची शी-शू धरून ठेवणारे आणि काही तासांनी टाकून द्यायचे वस्त्र. नागपुरात जुन्या सुती लुगड्याचे मऊ लंगोट आजही शिवले जातात आणि घरी असताना ते उत्तमच. पण लंगोट ओल शोषतो आणि तीच ओल बाळाच्या अंगाला लावून ठेवतो. डायपरची सारी रचना एवढी एक गोष्ट टाळण्यासाठी आहे.

अंगाला लागणारा थर पॉलिप्रॉपिलीनच्या न विणलेल्या कापडाचा असतो. तो शू खाली जाऊ देतो. त्याखालचा भुसभुशीत थर ती लांबवर पसरवतो. खरे काम गाभ्याचे. त्यात लाकडाचा पिंजलेला लगदा आणि सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे साखरेसारखे कण असतात. (आपण कापसाच्या मुलखातले, त्यामुळे आत कापूस असेल असे वाटते, बहुतेक डायपरमध्ये तो नसतो.) शुद्ध पाण्यात हे कण स्वतःच्या वजनाच्या काहीशे पट पाणी धरतात, लघवीतल्या क्षारांमुळे ती क्षमता साधारण तीस पटींवर येते. कोरा डायपर कात्रीने उघडून चमचाभर कण वाटीत घ्यावेत आणि पाणी ओतावे. बघता बघता घट्ट गोळा होतो, वाटी पालथी केली तरी पडत नाही. वर मीठ भुरभुरले की तोच पाणी सोडू लागतो. म्हणून डायपरची पारख साध्या पाण्याने करू नये. प्रयोगशाळेत ०.९ टक्के मिठाचे पाणी ओततात, वर वजन ठेवतात आणि किती ओल परत येते ते गाळणकागदाने मोजतात. बसलेल्या बाळाचा भार गाभ्यावर असतोच.

नुसते कण वाढवूनही भागत नाही. फुगलेले कण एकमेकांना चिकटून वाट बुजवतात, खालचा गाभा कोरडा राहतो आणि शू कडेने निघते.

गळती बहुधा मांडीपाशी होते. तान्ह्या बाळाची पातळ शी गाभ्यात नीट शोषली जात नाही. तिला अडवतात त्या पायांलगत उभ्या राहणाऱ्या झालरी. डायपर घातल्यावर त्या बोटाने बाहेर काढाव्यात. आत दुमडल्या राहिल्या तर महागाचा डायपरही गळतो.

बाहेरची फिल्म पॉलिथिलीनमध्ये कॅल्शियम कार्बोनेटची पूड मिसळून, मग ताणून करतात. पुडीच्या कणांभोवती सूक्ष्म छिद्रे पडतात. त्यांतून वाफ जाते, थेंब जात नाही. नागपूरच्या नवतप्यात, पारा ४५ अंशांकडे असताना, ही फिल्म फार महत्त्वाची. कूलरच्या दमट खोलीत मात्र वाफ हळू निघते. अशा दिवसांत डायपर दर दोन-तीन तासांनी बदलावा आणि मधे बाळाला मोकळे ठेवावे.

कारखान्यात सगळे एकाच लांब यंत्रावर, मिनिटाला शेकडो नग या वेगाने होते. लगदा पिंजून हवेच्या ओढीने फिरत्या साच्यावर बसवतात, थर गरम गोंदाने चिकटवतात, इलॅस्टिकचे धागे ताणलेल्या स्थितीत जोडतात आणि शेवटी कापून घडी घालतात. पायाच्या घेरापाशी धागा जरा सरकला तरी तिथूनच गळती होते.

घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेला डायपर नीट गुंडाळून टाकायचा असतो. शी आधी संडासात टाकावी. नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोत कचरा निवडणाऱ्यांच्या हाताला तो उघडा लागू नये.